एवढी माणसे कशाला?

आमचे एक मामा आहेत. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त हेडमास्तर आणि रहस्यकथांचे जुने भोक्ते. शाळकरी वयात बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड त्यांनी भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचला. आता मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी ते इंग्रजीतल्या विटेएवढ्या कादंबऱ्या वाचतात. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर त्यांनी वाचून झालेली अशीच एक कादंबरी माझ्या हाती ठेवली. संगणकांच्या जाळ्यात शिरून अवघ्या जगाला वेठीस धरणाऱ्या दहशतवाद्यांची ती कथा होती.

पुस्तक उघडले तो आतून एक घडी केलेला कागद पडला. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची ती कोरी पाठ होती. तिच्यावर मामांच्या वळणदार अक्षरात नावांची यादी. मोजली, एकेचाळीस भरली. प्रत्येक नावापुढे खुलासा होता. "रशियन. लंगडतो." "हिचा नवरा कोण ते पान २१० वर पाहणे." एका नावापुढे "मेला" असे लिहिले होते; ते खोडून खाली "मेला नाही". आणि सर्वांत शेवटी, उत्तरपत्रिकेवर शेरा मारावा तसा, तांबड्या शाईत एक प्रश्न: "हे सर्व कशासाठी चालले आहे?"

मामांच्या या तांबड्या प्रश्नावरच मला आज चार शब्द लिहायचे आहेत. सणासुदीला भांडण उकरून काढू नये हे मला कळते. पण दिवाळीच्या सुट्टीत ज्या घराघरांतून ही पुस्तके वाचली जातात, तिथेच हे सांगायला हवे. माझे म्हणणे थोडक्यात असे: संगणकी दहशतवादावरच्या या कादंबऱ्यांत माणसांची जी खोगीरभरती केलेली असते आणि कथानकाला जे पीळ घातलेले असतात, त्यांनी भय वाढत नाही, उलट मरते. आणि खोटे भय विकता विकता हे लेखक खऱ्या भयाकडे आपली पाठ फिरवायला लावतात.

या कादंबऱ्यांचा साचा आता ठरून गेला आहे. पहिल्या प्रकरणात एक शास्त्रज्ञ मरतो आणि मरताना अर्धाच शब्द उच्चारतो. दुसऱ्या प्रकरणात आपण दुसऱ्या खंडात असतो. तिथे दाढी वाढलेला, बायकोने सोडलेला, पण मनाने सोज्ज्वळ असा एक हॅकर झोपेतून उठत असतो. तिसऱ्यात वॉशिंग्टन, चौथ्यात मॉस्को, पाचव्यात बीजिंग. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर गावाचे नाव आणि घड्याळाची वेळ. कादंबरी वाचतो आहोत की रेल्वेचे वेळापत्रक, असा संभ्रम पडावा. साठ पाने होतात न होतात तो पंधरा माणसे हजर. लग्नाला वऱ्हाड अमाप लोटावे, आणि नवरदेव मात्र कुठे उतरला आहे ते कुणालाच ठाऊक नसावे, तशी वाचकाची अवस्था होते.

कुणी म्हणेल, हे तिसऱ्या दर्जाच्या लेखकांचे झाले. छे, छे! मी मुद्दाम मोठीच नावे घेतो. नील स्टीफनसन हे काही लहानसहान लेखक नव्हेत. त्यांची २०११ सालची 'रीमडी' ही कादंबरी हजार पानांच्या वर जाते. तिची मूळ कल्पना पाहा. संगणकावरच्या एका खेळातून विषाणू पसरतो, लोकांच्या फायलींना कुलूप घालतो, आणि कुलूप उघडण्यासाठी त्या खेळातल्याच सोन्याची खंडणी मागतो. पुढे २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने ब्रिटनमधल्या रुग्णालयांना खरोखरीच असे कुलूप घातले. म्हणजे लेखकाच्या हाती केवढे सोने होते! पण त्याने केले काय? विषाणूच्या मागोमाग रशियन गुंड आणले. ते गुंड चीनमधल्या शिआमेन शहरी पोहोचले. तिथे त्याच इमारतीत नेमके जिहादी राहत होते. मग ब्रिटिश हेर बाई, हंगेरीचा हॅकर, चहा विकणारी चिनी मुलगी, असा काफिला वाढत वाढत कॅनडाच्या सीमेवरल्या डोंगरात बंदुका झाडीत बसला. विषाणू बिचारा कुठल्या कुठे राहिला!

टॉम क्लॅन्सी यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९९४ सालच्या त्यांच्या 'डेट ऑफ ऑनर'मध्ये एक लहानसा आज्ञासंच अमेरिकेच्या शेअरबाजारातल्या व्यवहारांच्या नोंदीच पुसून टाकतो. कुणी काय विकले, कुणी काय घेतले, कुणालाच सांगता येत नाही. ही एकच कल्पना तीनशे पाने सहज पेलली असती. पण तिच्याभोवती व्यापारयुद्ध आहे, बेटांवरचा कब्जा आहे, पाणबुड्या आहेत, अण्वस्त्रे आहेत, दोन राजधान्यांतले मंत्री आणि त्यांचे चिटणीस आहेत. आणि नोंदी पुसल्याच्या त्या महासंकटाचा उलगडा? त्या दुपारनंतरचे व्यवहार झालेच नाहीत असे समजायचे! डोंगर पोखरून उंदीर काढणे म्हणतात ते हेच.

पण गंमत पुढेच आहे. या सातशेहून अधिक पानांच्या कादंबरीतले लोकांच्या स्मरणात काय राहिले? शेवट. भाऊ आणि मुलगा युद्धात गमावलेला एक जपानी वैमानिक एकटाच रिकामे विमान घेऊन निघतो आणि ते अमेरिकेच्या संसदभवनावर आदळतो. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर लोकांनी याच प्रसंगाची पुन्हा पुन्हा आठवण काढली. पाणबुड्या विसरल्या, मंत्री विसरले. एक माणूस, त्याचे एक दुःख, त्याची एक कृती, एवढेच उरले. म्हणजे लेखकाच्या स्वतःच्याच पुस्तकाने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली.

२०१८ साली तर खुद्द माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जेम्स पॅटरसन यांच्या जोडीने 'द प्रेसिडेंट इज मिसिंग' लिहिली. अमेरिकेतली सगळी संगणकी माहिती पुसू पाहणारा विषाणू, आणि ती कथा सांगतो आहे स्वतः राष्ट्राध्यक्ष. भय एकाच माणसाच्या छातीत ठेवण्याची किती उत्तम सोय! ज्याने आठ वर्षे त्या खुर्चीवर बसून रात्री-अपरात्री फोन घेतले, त्याच्याकडून आपण त्या फोनच्या घंटेचे भय मागत होतो. मिळाले काय? बाखचे संगीत ऐकत खून पाडणारी मारेकरीण, चार देशांचे पुढारी, आणि घरातलाच एक फितूर.

हे असे का होते? मला तीन कारणे दिसतात. पहिले कारण विषयातच आहे. या गुन्ह्यात डोळ्यांना दिसण्याजोगे काही घडत नाही. एक माणूस खुर्चीवर बसतो आणि कळा दाबतो. लेखकाला धास्ती वाटते की वाचक जांभई देईल. म्हणून तो हेलिकॉप्टर बोलावतो. दुसरे कारण बाजाराचे. विमानतळावर पुस्तक घेणारा गिऱ्हाईक जाडी पाहून पैसे मोजतो, आणि प्रकाशकाला मालिका हवी असते. मग मागल्या पुस्तकातली माणसे नव्या पुस्तकात भाडेकरूसारखी तळ ठोकून राहतात. तिसरे कारण सिनेमाचे. पडद्यावर चेहरा दिसतो, म्हणून वीस माणसे लक्षात राहतात. कागदावर चेहरा नसतो, नाव असते. आणि नावाला माणूसपण यायला पाने लागतात. ती पाने या लेखकांपाशी नसतात. प्रकरण रंगात आले की त्यांना दुसऱ्या गावाची गाडी पकडायची असते. चुलीवर ठेवलेले दूध दर दोन मिनिटांनी खाली उतरवले तर ते ऊतू जायचे कधी?

आता खरा प्रसंग कसा असतो ते पाहा. २३ डिसेंबर २०१५. पश्चिम युक्रेन, नाताळच्या तोंडावरचा थंडीचा दिवस. वीजवितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात एक कर्मचारी संगणकापुढे बसला आहे. अचानक पडद्यावरचा बाण आपणहून हलू लागतो. माउसवर कुणाचाही हात नाही. बाण शांतपणे सरकत एका उपकेंद्राच्या स्विचवर जातो आणि तो बंद करतो. मग दुसरा. मग तिसरा. कर्मचारी माउस धरून ओढू पाहतो, पण यंत्र त्याचे ऐकत नाही. आपल्याच डोळ्यांदेखत, आपल्याच खुर्चीवर बसून, तो एकेका गावाचा अंधार होताना पाहतो.

तीन कंपन्यांवर मिळून झालेल्या त्या हल्ल्यात सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांचे दिवे गेले. तक्रारीचे फोन लागू नयेत म्हणून खोट्या फोनांचा मारा करून ठेवला होता. आणि चोर आत शिरले कसे? कित्येक महिने आधी आलेल्या एका साध्या टपालातून. संगणकावरच्या एका पत्राला जोडलेला कागद कुणीतरी उघडला होता, एवढेच. शेवटी काही तासांत दिवे आले ते कुणा हॅकरच्या चमत्काराने नव्हे. कंपनीची माणसे मोटारी घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हातांनी स्विच वर केले.

या प्रसंगात माणसे किती लागतात? एक. तो खुर्चीवरचा कर्मचारी. मला विचाराल तर आपणहून हलणाऱ्या त्या एका बाणात जेवढे भय आहे तेवढे एकेचाळीस नावांच्या यादीत नाही. भूतकथा ऐकत वाढलेल्या कुठल्याही कोकणी पोराला हे कळते. रिकाम्या घरात झोपाळा आपणहून हलू लागला की अंगावर काटा येतो. त्याच घरात चाळीस पाहुणे असतील तर झोपाळा कुणी हलवला याची चौकशीसुद्धा कुणी करत नाही.

"पण विषयच गुंतागुंतीचा आहे, कथा सोपी कशी होणार?" असा एक आक्षेप हमखास येतो. त्याला उत्तर म्हणून मी एका खऱ्या हकिकतीकडे बोट दाखवतो. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला संगणक सांभाळायचे काम मिळाले. हिशेबात पंचाहत्तर सेंटची तूट आली. तेव्हाच्या भावाने नऊ-दहा रुपये! दुसरा कुणी असता तर खिशातून भरून मोकळा झाला असता. हा गृहस्थ त्या पाऊण डॉलरच्या मागे लागला. त्याने सहकाऱ्यांची छपाईयंत्रे उसनी आणून तारांना जोडली आणि टेबलाखाली पथारी टाकून त्यांच्या खडखडाटाची वाट पाहत रात्री काढल्या. अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले. प्रत्येकाने 'हे आमच्या कक्षेत येत नाही' म्हणून हात झटकले. अखेर चोराला फार वेळ तारेवर खिळवून ठेवण्यासाठी त्याने खोट्या लष्करी कागदपत्रांचे आमिष लावले, आणि माग निघाला तो थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत. चोरलेली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकली जात होती.

यात संगणक आहेत, तीन देश आहेत, हेरगिरी आहे, लष्करी गुपिते आहेत. गुंतागुंत म्हणाल तर हवी तेवढी. पण १९८९ साली स्टोलने लिहिलेले 'द ककूज एग' वाचताना मामांना यादी करावी लागली नाही. कारण सर्व काही एका विक्षिप्त, चिवट माणसाच्या डोळ्यांनी दिसते, आणि चोराचा तर चेहराही आपल्याला जवळजवळ दिसत नाही. विषयातली गुंतागुंत आणि कथानकातला गुंता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली उलगडून दाखवणे हे लेखकाचे काम. दुसरा हा बहुधा त्याच्या आळसाचा पुरावा असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. "महाभारतात काय कमी माणसे आहेत?" नाहीत, मुळीच कमी नाहीत. पण महाभारताची यादी करून कुणी वाचत नाही. आमच्या आजीला अक्षरओळख बेताची होती. तरी कर्ण आणि अश्वत्थामा यांच्यात तिची कधी गफलत झाली नाही. एकाचे कवच गेले, दुसऱ्याचा मणी. व्यासांनी प्रत्येकाला एक जखम दिली आहे, आणि त्या जखमेवरून तो अंधारातही ओळखू येतो. आमच्या या कादंबऱ्यांत माणसाला जखमेऐवजी हुद्दा असतो आणि स्वभावाऐवजी पिस्तुलाची जात. तेव्हा माणसे पुष्कळ आहेत ही माझी तक्रारच नव्हे. एक ना धड, भाराभर चिंध्या, ही माझी तक्रार आहे.

आणि भीतिकथेला गुप्ततेचीही फारशी गरज नसते. फ्रेडरिक फोर्साइथ यांची १९७१ सालची 'द डे ऑफ द जॅकल' घ्या. फ्रान्सचे दगॉल घरीच वारले, कुणाच्या गोळीने नव्हे, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी लोकांनी श्वास रोखून ती वाचली. त्या कादंबरीतही मंत्री आणि पोलीस पुष्कळ आहेत. पण एक शिकारी आणि त्याच्या मागावरचा एक थकलेला पोलीस अधिकारी, या दोघांमधली दोरी लेखकाने एकदाही सैल सोडली नाही. त्याच फोर्साइथ यांनी २०१८ साली 'द फॉक्स' लिहिली. पोटमाळ्यावर बसून जगातली कोणतीही कुलुपे उघडणारा, माणसांना बुजणारा एक मुलगा. काय सुंदर बीज! पण रशियाची युद्धनौका, मग इराण, मग उत्तर कोरिया अशी यात्रा सुरू झाली आणि तो मुलगा एका खोलीत विसरून राहिला. सत्तेचाळीस वर्षांत गुरूलाही गर्दीचा मोह आवरला नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, अहो, करमणुकीची पुस्तके ती. वाचावी नि रद्दीत घालावी. एवढे रागवायचे काय कारण?

कारण सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या याच मामांना एक फोन आला. बोलणारा आपण पोलीस अधिकारी असल्याचे सांगत होता. तुमच्या नावाने आक्षेपार्ह पार्सल सापडले आहे, तुम्हांला 'डिजिटल अटक' झाली आहे, फोनचा कॅमेरा चालू ठेवा, खोलीबाहेर पडू नका, घरात कुणाशी बोलू नका. मामा, ज्यांच्यापुढे तीस वर्षे वर्ग चिडीचूप बसत असे ते मामा, दोन दिवस आपल्याच खोलीत कैद्यासारखे बसून राहिले. मामी दारावर थाप मारी आणि ते "डोकं दुखतंय" म्हणून सांगत. पेन्शनीतून बाजूला टाकलेले चार लाख रुपये गेले. अशी अटक कायद्यात नाहीच, हे त्यांना नंतर भाच्याकडून कळले.

कादंबऱ्यांनी मामांना फसवले असे मी म्हणत नाही. फसवले ते चोराने. पण नंतर एकदा मामा जे बोलले ते माझ्या मनातून जात नाही. ते म्हणाले, "अरे, पुस्तकातले ते लोक कसे चटकन ओळखू येतात! हा तर फार सभ्य बोलत होता. मला 'सर' म्हणत होता."

या चार शब्दांत माझी सगळी फिर्याद आली. वर्षानुवर्षे या पुस्तकांनी मामांना शिकवले की संगणकातून येणारे संकट म्हणजे जगाचा नाश, चार राजधान्या आणि एकेचाळीस माणसे. ते संकट मोठ्यांचे. त्याला थोपवणारेही मोठेच. आपण फक्त पाने उलटायची. आणि प्रत्यक्षात ते आले ते एकट्या म्हाताऱ्याच्या खोलीत, एका सभ्य आवाजात. चांगली भयकथा माणसाला घाबरवते आणि सावधही करते. ही नुसती दिपवते.

आता आपल्या लेखकांना एक विनंती. इंग्रजीतल्या या कादंबऱ्या मराठीत येतात, आणि त्यांच्या वळणावर मराठीतही लिहावे असे तरुणांना वाटते. लिहा, जरूर लिहा. पण मॉस्कोला जाऊ नका. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून त्या दिवशी आणि सोमवारी मिळून ९४ कोटी रुपये गेले. ग्राहकाने एटीएममध्ये कार्ड घातले की 'पैसे द्यावे काय?' हा प्रश्न बँकेकडे जातो. चोरांनी मध्येच आपला तोतया बसवला, आणि तो सगळ्यांनाच 'द्या' म्हणून सांगत राहिला. अठ्ठावीस देशांतल्या यंत्रांतून बनावट कार्डांवर पैसे निघत होते. आपल्या कोल्हापुरातूनही निघाले. हा दहशतवाद नव्हे, दरोडा. पण उद्या हेच हत्यार कुणी दहशतीसाठी उचलले तर ते याहून वेगळे दिसणार नाही. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली.

इंग्रजी साच्याचा लेखक त्या अठ्ठावीस देशांची अठ्ठावीस प्रकरणे करील. तुम्ही तसे करू नका. कोल्हापुरातल्या एका एटीएमच्या काचेच्या खोलीत कुणीतरी दिलेले कार्ड घेऊन उभा असलेला एकच पोरगा घ्या. त्याला कार्ड कुठून आले ठाऊक नाही, पैसे कुणाचे ठाऊक नाही. यंत्र नोटा मोजते आहे, थांबत नाही, आणि बाहेर रांगेतला माणूस काचेवर टकटक करतो आहे. तेवढे लिहा. शंभर पाने पुरतील.

मामांनी हल्ली वाचन कमी केले आहे. परवा त्यांना विचारले, यंदा कोणते पुस्तक आणू? म्हणाले, "ज्याला यादी करावी लागणार नाही असं काहीतरी आण." असे पुस्तक मी शोधतो आहे. कुणी लिहिले असेल तर कळवावे. पहिली प्रत मी विकत घेईन आणि मामींच्या हाती देईन, कारण मामांच्या आधी तेच त्यांनीही वाचायला हवे.